जाहिरातींशिवाय

डिशवाल्याने शेवटचा नट सोडवला, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवरची छत्री दोन्ही हातांनी उचलली आणि शिडीवरून एकेक पायरी चाचपत तो खाली उतरला. नट गंजून धरून बसले होते, म्हणून अर्धा तास गेला होता. तेवढा वेळ घरातली बाई खाली शिडी धरून उभी होती. शिडी काही हलत नव्हती. पण छत्री खरोखर खाली येते आहे हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.

"या नवीन प्रकारात जाहिराती खरंच नसतात?" तिने विचारले.

"तुम्ही हे तिसऱ्यांदा विचारताय, वहिनी."

"म्हणजे एकही नाही?"

"एकही नाही. सुरू झालं की संपेपर्यंत सलग." डिशवाल्याने छत्री भिंतीला टेकवली आणि हात झटकले. "लोक सिनेमे किती, मालिका किती असं विचारतात. जाहिरातींवर एवढा दात असलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय."

ती हसली. हसताना डावी बरगडी दुखली, म्हणून तिने हसू अर्ध्यावरच सोडले.

तिचा नवरा बसडेपोत फिटर होता आणि जिन्यातली चारही घरे त्याला फिटर म्हणूनच ओळखत. तीही मनातल्या मनात त्याला फिटरच म्हणे. दुसरे काही म्हणावेसे वाटणे कधीच बंद झाले होते. फिटर तिला मारत असे, आणि तो जाहिरातींत मारत असे. ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल, पण त्याला त्यात चमत्कारिक काही वाटत नव्हते. संध्याकाळी साडेसहाला घरी आला की तो टीव्हीसमोर बसे, आणि एकदा मारामारीचा सिनेमा सुरू झाला की त्यातला एक ठोसाही चुकवायची त्याची तयारी नसे. भाजीत मीठ कमी पडलेले असो, शर्टाचे बटण तुटलेले असो, डेपोत साहेबाने चारचौघांत कान उपटलेले असोत, ते सगळे तो मनात धरून बसे. मग पडद्यावर साबणाचा फेस दिसू लागला की तो उठे, शांतपणे स्वयंपाकघरात येई आणि कामाला लागे.

जाहिराती साडेतीन-चार मिनिटे चालत. सिनेमा पुन्हा सुरू होण्याआधी चॅनेलवर एक ढोल वाजे, आणि तो ऐकला की फिटरचा हात हवेत असला तरी खाली येई. एकदा त्याने तिचे केस मुठीत धरून गाल तापलेल्या शेगडीजवळ नेला होता, तेवढ्यात ढोल वाजला. त्याने केस सोडले, हात पँटला पुसला आणि जाऊन बसला. जिन्यातली चारही घरे बहुधा तेच चॅनेल लावत. त्यामुळे जाहिराती सगळीकडे एकाच वेळी सुरू होत आणि सिनेमापेक्षा दुप्पट मोठ्याने ओरडत. त्या गदारोळात एखाद्या बाईचा आवाज कुठे विरला ते कुणाला कळले नसते. निदान कळले नाही असे म्हणायला प्रत्येकाला जागा होती.

अकरा वर्षे हे असे चालले होते. आईवडील राहिले नव्हते. भावाकडे ती दोनदा गेली होती आणि दोन्ही वेळा भावाने तिला स्वतः आणून सोडले होते, वर फिटरची माफीही मागितली होती. लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून ती लोकांचे कपडे लहानमोठे करून देई. सुई चालवता चालवता तिला वेळेचा अंदाज आला होता. पँटचा एक पाय दुमडून शिवायला लागतो तेवढाच वेळ मार चालतो, हे तिला ठाऊक होते. तेवढे सोसायचे. पहिली जाहिरात लागायच्या बेतात ती नऊ वर्षांच्या मुलीला, बारकीला, वाटी देऊन खालच्या मावशींकडे पाठवी. मावशी साखर देत. आठवड्यातून चार वेळा याच वेळेला या घरातली साखर कशी संपते, असे मावशींनी कधी विचारले नव्हते.

दोन महिन्यांपूर्वी मावशी घरी नव्हत्या आणि बारकी रिकामी वाटी घेऊन लगेच परत आली. फिटरचा हात तिच्या कानावर बसला. तो मुद्दाम नव्हता, असे तो म्हणाला. पण पुढच्या आठवड्यात बारकी उंबऱ्यात उभी असताना त्याने पुन्हा हात उगारला, आणि या खेपेला तो मुद्दाम होता. बारकी तीन दिवस कानात शिट्टी वाजते म्हणत होती. तिच्या आईला कळून चुकले, स्वतःचे काय व्हायचे ते होवो, पण आता पाळी बारकीवर येत होती.

म्हणून शेजारचे मास्तर जेव्हा त्यांची युक्ती घेऊन दारात आले, तेव्हा तिने कान टवकारले. डिशचे भाडे चारही घरांना जड झाले होते. मास्तरांनी शोधून काढले होते की इंटरनेटवरून चालणारी एक सेवा घेतली तर एका वर्गणीत चार टीव्ही चालतात. वर राहणाऱ्या नर्सकडे इंटरनेट होतेच. चौघांनी मिळून तेही वापरायचे आणि वर्गणीही वाटून घ्यायची. फिटर आधी गुरगुरला. मास्तरांनी त्याला मारामारीच्या सिनेमांची यादी दाखवली. ती यादी मास्तर बोटाने सरकवत राहिले आणि ती संपेना, तेव्हा फिटर म्हणाला, "बरं, करा." जन्मात पहिल्यांदा तिला मास्तरांच्या पाया पडावेसे वाटले.

डिशवाल्याने टीव्हीच्या मागे बोटाएवढी काडी खोचली, नवा रिमोट तिच्या हातात दिला आणि उतरवलेली छत्री मोपेडला बांधून तो गेला.

पहिले आठ दिवस तिचा विश्वासच बसेना. फिटर साडेसहाला बसे. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होई, आणि मधे उठायला त्याला फटच सापडत नसे. राग येई, पण ज्याच्यावर काढायचा ते माणूस स्वयंपाकघरात आणि खलनायक पडद्यावर. फिटर पडद्याचीच निवड करी. बघता बघता डोळे जड होत, आणि तो जेवून झोपी जाई. तिसऱ्या दिवशी तिने कांदा चिरताना गुणगुणायला सुरुवात केली आणि आपल्याच आवाजाने दचकून ती गप्प बसली. पाचव्या दिवशी तिने बारकीला मावशींकडे पाठवले नाही. बारकी वह्या घेऊन बाहेरच्या खोलीत, बापापासून हातभर अंतरावर बसली. लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईने विचारले, "काय गं, आज चेहरा उजळलाय. काय मिळालं?"

"टीव्ही बदलला," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

सातव्या दिवशी फिटरला लघवीला जायचे होते. तो पाय आवळून बसला होता, कारण पडद्यावर गोदामात शेवटची हाणामारी चालली होती. त्याची चुळबुळ बारकीच्या लक्षात आली.

"बाबा, जा ना तुम्ही," ती म्हणाली. "हे मधलं बटण दाबलं की सगळे आहेत तिथेच थांबतात. तुम्ही आलात की पुन्हा सुरू."

तिने दाबून दाखवले. पडद्यावरचा माणूस मूठ उगारून जागच्या जागी थांबला. फिटर थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. जाऊन आला. बारकीने पुन्हा बटण दाबले आणि ती मूठ समोरच्याच्या जबड्यावर आदळली.

"हुशार आहे माझी पोर," फिटर म्हणाला आणि त्याने तिच्या पाठीवर थाप मारली.

बारकीला असे कुणी म्हटलेले तिच्या आईला आठवत नव्हते, बापाने तर नाहीच. पोर लाजून लाल झाली. स्वयंपाकघराच्या दारातून आईने ते पाहिले आणि तिलाही बरे वाटले. नंतर तिला या बरे वाटण्याचीच जास्त शरम वाटली.

नवव्या दिवशी फिटर डेपोतून आला तो दार आपटूनच. एका बसचे काम उलटे झाले होते आणि पगारातून कापून घेणार होते. बूट न काढता टीव्हीसमोर बसला. दहा मिनिटे सिनेमा चालला असेल.

"बारके, थांबव," तो म्हणाला.

बारकीने बटण दाबले. त्याला बाथरूमला जायचे असेल, असे तिला वाटले. तो उठला आणि स्वयंपाकघरात आला. पाठीमागे पडद्यावर एक माणूस दुसऱ्याच्या डोक्यावर खुर्ची उगारून थांबला होता.

पहिली थप्पड बसली तेव्हा ती अंडी फेटत होती. वाडगे ओट्यावरून घरंगळून खाली फुटले. दुसऱ्या फटक्याला ती भिंतीवर आदळली आणि सवयीने तिने मोजायला घेतले. पँटचा एक पाय. शिवण अर्ध्यात आली, पुरी झाली, दोरा तोडला. ढोल वाजला नाही. तिने दुसरा पाय घेतला. फिटरने हात थांबवला आणि तिला वाटले, संपले. पण तो कमरेचा पट्टा काढत होता. अकरा वर्षांत त्याने पट्टा कधी वापरला नव्हता, कारण तो काढण्याघालण्यातच अर्ध्या जाहिराती निघून गेल्या असत्या. आता त्याला घाई नव्हती. बक्कल त्याने नीट सोडवले, पट्टा दोनदा तळहाताला गुंडाळला, आणि खांद्यापासून पोटरीपर्यंत, एकही जागा न सोडता, तिला झोडपले. ती फरशीवर अंड्यांच्या बलकात घसरत होती. उठायला गेली की तो पायाने खाली दाबे. बूट अजून त्याच्या पायातच होते.

आणि घरात आवाज नव्हता. एरवी जाहिरातींच्या आरडाओरड्यात तिला कण्हायची तरी मुभा होती. आता पट्ट्याचा प्रत्येक वार भिंतींना ऐकू जाईल एवढी शांतता होती. तिने दंडाची बाही दातांत धरली आणि तोंडातून ब्र काढला नाही. लोकांना कळू नये ही धडपड अकरा वर्षे तिनेच केली होती, आणि पाठ सोलून निघत असतानाही तिला तीच आठवली.

तेव्हा तिला जाणवले की भिंतीपलीकडे मास्तरांच्या टीव्हीत कुणीतरी गात होते, ते मधेच थांबले. मग खाली मावशींकडे चाललेले बोलणे थांबले. मग वरचे. पाठोपाठ तिन्ही घरे चिडीचूप झाली. एखादी खुर्ची करकरेल, भांडे वाजेल, तसेही काही नाही. सगळे ऐकत होते.

फिटरला धाप लागली तेव्हा तो थांबला. त्याने पट्टा पुन्हा कमरेला घातला आणि बाहेर जाऊन बसला.

"चालू कर," तो म्हणाला.

बाहेर खुर्ची डोक्यावर आदळली. फरशीवर पडल्या पडल्या ती वाट पाहत राहिली. दार वाजेल, निदान कुणी खाकरेल. थोड्या वेळाने वरचा टीव्ही सुरू झाला. मग खालचा. शेवटी मास्तरांकडचे गाणे, जिथे तुटले होते तिथूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना मास्तर समोर आले. जन्मभर मुलांना मान वर करून बोलायला शिकवलेला हा माणूस तिच्या हातातल्या डब्याशी बोलल्यासारखा बोलला.

"चित्र स्पष्ट दिसतंय ना, वहिनी?"

"दिसतंय," ती म्हणाली. "आवाजही स्पष्ट येतो. तुमच्याकडे?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ते आत गेले. तिला त्यांची कीव आली नाही. तिला संताप आला, इतका की लाँड्रीत गेल्यावर दोन सुया मोडल्या.

त्या संध्याकाळी बारकी तिच्याजवळ येऊन बसली. अंगठ्याचे नख ती रक्त येईस्तोवर कुरतडत होती.

"आई, ते बटण मी दाखवलं त्यांना."

"तुला काय माहीत होतं, बाळा."

"दाबलंही मीच."

तिने पोरीला कुशीत ओढले. पाठीवरचे वळ तडतडले, पण तिने ओढूनच धरले. जाहिराती नकोत म्हणून आपण तीन-तीनदा विचारले होते, हे तिला आठवत होते. त्या दोघींनी मिळून फिटरच्या हातात हवा तेवढा वेळ दिला होता.

पुढच्या आठवड्यात त्याने दोनदा "बारके, थांबव" म्हटले. रिमोट त्याच्या मांडीशी असला तरी तो बारकीलाच सांगे. थांबवायचे तिनेच, चालू करायचेही तिनेच. दोन्ही वेळा शेजारची घरे गप्प झाली आणि दोन्ही वेळा पुन्हा सुरू झाली. बारकी जेवेनाशी झाली. वर्गात पेन्सिल धरता येत नाही, कारण अंगठा सुजला आहे, अशी बाईंची चिठ्ठी आली.

रविवारी फिटर दुपारपासूनच घरी होता. चारच्या सुमारास तिने त्याला चहा दिला. चहात साखर जास्त झाली असावी, किंवा कमी. त्याने एक घोट घेतला, कप जमिनीवर ठेवला आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "बारके, थांबव."

सिनेमा चालूच राहिला. पडद्यावर गाड्या एकमेकींवर आदळत होत्या.

"ऐकू आलं नाही?"

"नाही थांबवणार," बारकी म्हणाली.

फिटर हसला. त्याला खरोखरच गंमत वाटली असावी. मग त्याने तिच्या दंडाला धरून तिला उभे केले आणि दुसऱ्या हाताने बक्कल सोडवायला घेतले. रिमोट बारकीच्या मुठीतच होता. पहिला वार तिच्या पायांवर बसला. पोर किंचाळली, पण पडद्यावर त्याच वेळी काहीतरी स्फोटाने उडाले आणि किंकाळी त्यात बुडाली. दुसऱ्या वाराला रिमोट तिच्या हातून सुटून जमिनीवर घरंगळला.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. फिटर आणि बारकी यांच्यामध्ये शिरताना तिसरा वार तिच्या मानेवर बसला आणि ती गुडघ्यांवर पडली. रिमोट समोरच होता. तिने तो उचलला. एक क्षणभर तिला वाटले, आवाज वाढवावा, निदान पोरीचे ओरडणे कुणाला ऐकू जायला नको. बोट त्या बटणापर्यंत गेलेही होते.

तिने मधले बटण दाबले.

घरातला सगळा आवाज गेला. बारकीचे हुंदके तेवढे राहिले. ती रिमोट छातीशी धरून गुडघ्यांवर बसून राहिली आणि वाट पाहू लागली. मास्तरांकडे बातम्या चालल्या होत्या, त्या थांबल्या. खाली थांबले. वर थांबले.

"मास्तर," ती म्हणाली. ती ओरडली नाही. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला चहाला बोलवावे तेवढ्याच आवाजात म्हणाली. "तुम्ही टीव्ही थांबवलाय. मला कळतं ते. तुम्ही ऐकताय."

फिटरला समजेना ती कुणाशी बोलते आहे. त्याने भिंतीकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"चालू कर ते," तो म्हणाला.

"मावशी, तुम्हीही ऐकताय. आज बारकीला मारलं. पट्ट्यानं. पायांवर दोन वार आहेत."

"चालू कर म्हणतोय ना."

त्याने तिचा हात धरला आणि पिरगाळला. खांद्यातून कळ थेट मेंदूत गेली. तिचा आवाज कापू लागला, पण तिने बोलणे सोडले नाही.

"आता हात पिरगाळलाय. डावा. रिमोट त्याच हातात आहे. नर्सताई, तुम्हाला माहीत असेल कुठपर्यंत वळतो." खांद्यात काहीतरी कट्कन वाजले. तिच्या डोळ्यांपुढे अंधार आला. "हे ऐकलंत? हे आत्ता वाजलं ते."

रिमोट खाली पडला आणि पाठोपाठ फिटरने तिचे केस धरले.

"आता केस धरलेत. आता भिंतीवर आपटतोय." डोके आपटले. ते किती पोकळ वाजले, हे तिलाही ऐकू आले. "एकदा आपटलं. मास्तर, भिंत तुमचीच आहे."

फिटरने केस सोडले नाहीत, पण त्याचा दुसरा हात आपोआप थांबला. अकरा वर्षांत त्याने मार दिला होता, पण तो कुणी असा बोलून दाखवताना ऐकला नव्हता. त्या शांततेत त्याचाच श्वास त्याला ऐकू येत होता. तो खाली वाकला, रिमोटसाठी चाचपडू लागला. बारकीने पायाने रिमोट पलंगाखाली ढकलला आणि ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. रडत होती, पण हलली नाही.

पलीकडे खुर्ची सरकली. कडी निघाली. मग यांच्या दारावर टकटक झाली, इतकी हळू की जणू चुकून झाली.

"कोण आहे?" फिटर ओरडला.

"मी. मास्तर." दाराबाहेरून आवाज आला. "जरा... आमचं अडकलंय. तुमच्याकडे चालतंय का, बघायचं होतं."

"चालतंय. जा."

मास्तर गेले नाहीत. पुन्हा टकटक झाली. बारकीने धावत जाऊन दार उघडले. मास्तर उभे होते, घरातल्या बनियनवर, हातात त्यांचा रिमोट. फिटरच्या हातातला पट्टा त्यांनी पाहिला आणि ते दारातच थांबतील असे वाटले. पण ते आत आले आणि पलंगाच्या कडेला बसले.

"बघतो जरा," ते म्हणाले, आणि थांबलेल्या चित्राकडे पाहू लागले.

जिन्यावरून कुणीतरी धापा टाकत वर येत होते. मावशी. त्यांचे गुडघे कधीचेच गेलेले, त्या एरवी एक मजला चढायच्या नाहीत.

"आमचंही अडकलंय," मावशी म्हणाल्या. त्यांनी फिटरकडे पाहिले नाही. त्या मास्तरांच्या शेजारी बसल्या आणि हात मांडीवर ठेवून त्याही टीव्हीकडे पाहू लागल्या.

वरची नर्स शेवटी आली. तिने टीव्हीचे नाव काढले नाही. ती सरळ चालत गेली, फिटरच्या मुठीतले केस एकेक बोट उलगडून सोडवले आणि खांदा चाचपून म्हणाली, "निखळलाय. इथे बसवता येणार नाही. चला माझ्याबरोबर. दोघी."

"कुठे चला?" फिटर म्हणाला. "माझ्या घरात येऊन..."

त्याचे वाक्य पुरे झाले नाही, कारण त्याला उत्तर द्यायला कुणी वर पाहिले नाही. तिघांना एकाच वेळी मारता येणार नव्हते, आणि त्यांच्यासमोर एकीला मारण्याची त्याला सवय नव्हती. तो पट्टा हातात घेऊन आपल्याच खोलीत उभा राहिला. पडद्यावर एक गाडी हवेत उलटी लटकली होती.

नर्सने तिचा हात ओढणीने गळ्यात बांधला. ती बारकीला बूट घालू लागली, पण एका हाताने नाडी बांधता येईना. मावशी कण्हत खाली बसल्या आणि त्यांनी बांधली. दोन गाठी मारल्या. बारकीच्या पायांवर दोन लाल पट्टे उठले होते. मावशींचा हात त्यांच्याजवळ गेला आणि न टेकता मागे आला.

"सावकाश, वहिनी," मास्तर म्हणाले. "घाई करू नका. आम्ही बसलोय इथे."

ती दारात वळली. त्यांच्याबद्दल तिच्या मनात कृतज्ञता असायला हवी होती, आणि ती होतीही कुठेतरी. पण बाकीचे सगळे त्याहून मोठे होते.

"त्या दिवशीही बसलाच होतात, मास्तर," ती म्हणाली.

मास्तरांनी मान खाली घातली.

"हो," ते म्हणाले.

ती बारकीचा हात धरून जिना उतरू लागली. नर्स पुढे होती. खालच्या पायरीपर्यंत मागून कोणत्याही घरातून टीव्हीचा आवाज आला नाही.